जे आधी होईल ते

शनिवार, ३० सप्टेंबर २०२३

परवा गणपती गेले. आज रस्ते मोकळे झालेत. सकाळची शाळा सुटल्यावर गाडी तशीच कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्रींकडं घातली. ऑइल आणि फिल्टर बदलायचा, एवढंच काम होतं. ऑइल खाली डब्यात गळत असताना मेस्त्रींनी हात पुसत विचारलं, "बाई, टायमिंग बेल्ट कवा बदललासा?"

मला उत्तर देता आलं नाही. गाडी २०१५ची, डिझेल. आम्ही मार्च २०२१मध्ये ती जुनी घेतली तेव्हा काटा ५१,००० वर होता, आज ८७,४०० आहे. आम्ही घेतल्यापासून बेल्टला हात लागलेला नाही, एवढंच सांगू शकले.

"आणि त्याच्या आधी?"

"माहीत नाही."

"मग बदलला न्हाई असंच धरायचं." एवढं बोलून ते फिल्टर आवळायला खाली वाकले.

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं. अडीच वर्षं रोज ही गाडी चालवते. टायर बघते, हवा बघते, ऑइलची तारीख चुकवत नाही. या बेल्टचा विचार एकदाही मनात आला नाही, कारण तो दिसत नाही. इंजिनाच्या कुशीला काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाआड तो असतो.

रविवार, १ ऑक्टोबर

सकाळी कपाटातली गाडीची फाइल काढली. आरसी, विम्याचे कागद, पीयूसी, आधीच्या मालकांची तीन सर्व्हिस बिलं. त्यात ऑइल आहे, ब्रेक पॅड आहेत, बॅटरी आहे, बेल्ट नाही. मग गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. शेवटच्या पानांत तक्ता आहे. टायमिंग बेल्ट : १,२०,००० किलोमीटर किंवा ६ वर्षं, जे आधी होईल ते.

किलोमीटरच्या हिशेबानं अजून साडेबत्तीस हजार बाकी. वर्षांच्या हिशेबानं मुदत २०२१मध्येच संपली, म्हणजे गाडी आमच्या दारात आली त्याच वर्षी.

वर्गात मुलांना "किंवा" आणि "आणि" यांतला फरक मी दरवर्षी शिकवते. तरी गाडीच्या बाबतीत आपण सगळे पहिला आकडा वाचतो आणि थांबतो. गाडी कमी फिरली म्हणजे ती नवी, हा समज पक्का असतो. रबराला ते लागू नाही. इंजिनाच्या उष्णतेत ते रोज तापतं आणि निवतं, गाडी उभी असली तरी वय वाढत राहतं. वर्षातून चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या, एरवी अंगणात कव्हर घालून ठेवलेल्या गाडीचा बेल्टही सहा वर्षांनी सहा वर्षांचाच असतो.

दुपारी वहीत एक गणित मांडलं. पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० चा वेग असताना काटा २,००० फेऱ्यांवर असतो. म्हणजे मिनिटाला सव्वा किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आणि २,००० फेरे. किलोमीटरला १,५०० फेरे. ८७,४०० किलोमीटरला तेरा कोटींच्या वर. गावातल्या गर्दीत खालच्या गिअरला फेरे आणखी वाढतात, ते धरलेलेच नाहीत. खाली पिस्टनना जोडलेला क्रँक दोनदा फिरला की वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरला पाहिजे, एका दातानंही इकडंतिकडं न होता. तेरा कोटी फेऱ्यांत हा हिशेब एकदाही न चुकू देणारी वस्तू म्हणजे बोटभर रुंदीचा रबरी पट्टा. आत काचेच्या तंतूंचे दोर, आतल्या अंगाला दात. वही मिटल्यावरही बराच वेळ तिथंच बसून राहिले.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आधीच्या मालकांना फोन केला. नागाळा पार्कातले सज्जन गृहस्थ, दोन वर्षांनीही आवाज ओळखला. बेल्टचं विचारल्यावर थोडं थांबून म्हणाले, "नसावा बदललेला. तसं कुणी सांगितलं नव्हतं." मला दुसरंही विचारायचं होतं. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात गाडी पाण्यात होती का? म्हणाले, आदल्या रात्रीच काढून उंचावर नेली होती. ते ऐकून बरं वाटलं. पुराचं पाणी त्या झाकणाच्या आत गेलं तर गाळ बेल्टच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये बसतो, बाहेरून गाडी कितीही धुतली तरी तो तिथंच राहतो. कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्यानं २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालांच्या पुराचं विचारलंच पाहिजे. मी घेताना २०१९चंही विचारलं नव्हतं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

शाळेतून येताना सर्व्हिस सेंटरला जाऊन अंदाजपत्रक घेतलं. एसीची खोली, कॉफी, टाय घातलेला मुलगा. त्यानं छापून दिलेला कागद : एकूण २३,४०० रुपये. घरी येऊन ओळ न् ओळ वाचली. बेल्टचा संच आणि वॉटर पंप ११,९००. मजुरी ५,५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ६,४९०. बेरीज होते १८,३९०. उरलेले ५,०१० कशाचे? इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण. यातलं मी काहीही मागितलं नव्हतं आणि पुस्तकातल्या तक्त्यातही ते नाही. फोन करून विचारलं तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे करतात."

मला राग आला तो पाच हजारांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा. जे काम खरोखर अत्यावश्यक आहे त्याच्या शेजारी अनावश्यक कामं त्याच ठशात छापली की वाचणाऱ्याचा त्या अत्यावश्यक कामावरचाही विश्वास उडतो. माणूस म्हणतो, हे सगळं पैसे काढायचं साधन आहे, आणि बेल्टसकट सगळं टाळतो. मी स्वतः तास-दीड तास त्याच विचारात होते.

शनिवार, ७ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांजवळ विषय काढला. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

गेल्या वर्षी मेमध्ये ते सहकुटुंब गणपतीपुळ्याहून परत येत होते. आंबा घाट चढताना, तिसऱ्या गिअरला, एकदम काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद. धूर नाही, दिवा आधी लागला नाही, गाडी आदल्या मिनिटाला नेहमीसारखी ओढत होती. इंजिन बंद झाल्याबरोबर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक पहिल्या एक-दोन दाबांना लागला, मग तोही जड. सरांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले. नंतर चावी फिरवून बघितली तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत होता. "तो आवाज मी विसरणार नाही बाई," म्हणाले. "आत काही अडतच नव्हतं."

क्रेननं मलकापूर, तिथनं कोल्हापूर. हेड उघडलं तर आठही व्हॉल्व्ह वाकलेले, दोन पिस्टनच्या डोक्यावर ठसे. डिझेल इंजिनात हे होणारच. हवा खूप दाबायची असते म्हणून पिस्टन अगदी वरपर्यंत येतो, व्हॉल्व्हला जागा उरते ती फक्त वेळेच्या हिशेबानं : व्हॉल्व्ह खाली उतरला की पिस्टन वर चढायच्या आत मिटला पाहिजे. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येऊन धडकतो. काही पेट्रोल इंजिनांत जागा जास्त ठेवलेली असते, तिथं बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. डिझेलला ती सवलत जवळपास नाहीच.

सरांचं बिल ६२,००० रुपये. गाडी तीन आठवडे गॅरेजात. आणि बेल्ट बदला असं त्यांना मेस्त्रीनं फेब्रुवारीतच सांगितलं होतं, सुट्टीत बघू म्हणून त्यांनी ठेवलं होतं. हे सांगताना त्यांनी एकदाही दुसऱ्या कुणाला दोष दिला नाही. मला ते फार मोलाचं वाटलं.

रविवार, ८ ऑक्टोबर

सईचा फोन. रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात तिचं दुसरं वर्ष. लायसन्स उन्हाळ्यात मिळालंय. "आई, दिवाळीला तुम्ही न्यायला आलासा की येताना मी चालवतो. घाट पण मीच चढवतो. तू शेजारी बस."

बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर सरांची गोष्ट आठवली आणि निर्णय तिथंच झाला. हॉस्टेलची फी, दिवाळीचा खर्च, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण ती घाटात त्या स्टिअरिंगवर असणार आहे.

मंगळवार, १० ऑक्टोबर

मेस्त्रींकडं जाऊन बसले. त्यांनी दोन आकडे सांगितले. नुसता बेल्ट : पट्ट्याचे २,१०० आणि मजुरी ३,५००, झाले ५,६००. पुरा संच : बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळण देणारा आयडलर, वॉटर पंप १०,२५०, पुढचं सील आणि क्रँकचा नवा बोल्ट ६५०, बाहेरचा फॅनबेल्ट ८५०, कूलंट ९००, मजुरी तीच ३,५००. एकूण १६,१५०.

मजुरी तीच, हे मला चटकन लक्षात आलं नव्हतं. मेस्त्रींनी समजावलं. बेल्टपर्यंत पोचायला उजवं चाक काढायचं, इंजिनाला खालून जॅकवर तोलायचं, त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, खालची पुली काढायची, मग झाकणं. कष्ट पोचण्याचे आहेत, पट्टा घालण्याचे नाहीत. "ह्या इंजिनाचा पाण्याचा पंप ह्याच बेल्टवर फिरतोय. बेल्ट नवा घातला आन् पंप सा म्हयन्यानं गळला, तर ते सगळं पुन्यांदा खोलायचं. वर कूलंट पडून नवा बेल्टबी गेला."

मी विचारलं, चेनच्या गाड्यांना हे नसतं ना? म्हणाले, नसतं. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे, ती ऑइल वेळेवर बदललं तर बहुतेक इंजिनाएवढी जगते. पण इंडिका डिझेल, जुनी २.५ इनोव्हा, डस्टर डिझेल, झालंच तर मारुती ८००, सगळ्या बेल्टवाल्या. मारुती ८०० म्हणजे १९८३ सालापासूनची गोष्ट. चाळीस वर्षं हा पट्टा आपल्याकडच्या घरोघरी फिरतोय. मुळात दातांचा रबरी पट्टा कारखान्यात घाऊक बनणाऱ्या गाडीत पहिल्यांदा बसवला जर्मनीतल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीनं, १९६२च्या सुमारास. त्याआधी बहुतेक ठिकाणी चेन नाहीतर गिअर. पट्टा हलका, स्वस्त, आवाज नाही, ऑइल लागत नाही. बदल्यात तो एकच गोष्ट मागतो, वेळेवर बदलणं.

मी पुरा संच सांगितला. पार्ट खोक्यातनं माझ्यासमोर काढायचे आणि जुने सगळे मला परत द्यायचे, एवढी अट घातली. मेस्त्री म्हणाले, "द्यायचेच असत्यात."

मंगळवार, १७ ऑक्टोबर

किरकोळ रजा टाकली. सकाळी साडेनऊला गाडी लावली आणि स्टूल घेऊन समोर बसले. समोरच्या शेडमध्ये लेथ चालू होता, लोखंडाचे निळे कीस खाली गोळा होत होते. या गावानं ऑइल इंजिनं ओतली, शिरोलीत पिस्टन होतात, गोकुळ शिरगावात बेअरिंगं. इथली माणसं इंजिनाशी घरच्यासारखं बोलतात, त्याचं मला लहानपणापासून कौतुक आहे.

वरचं झाकण निघालं तेव्हा अकरा वाजले होते. पट्टा दिसला आणि मी जरा खट्टू झाले, कारण तो चांगला दिसत होता. चीर नाही, दात शाबूत. हजारो रुपये वाया घालवतोय की काय असं वाटलं. मेस्त्रींनी ते चेहऱ्यावरनं ओळखलं असावं. म्हणाले, पूर्वीचे बेल्ट तडकायचे, बघून कळायचं. आताचं रबर वेगळं, ते वरनं चांगलंच दिसतं, आतला दोर मेलेला असतो. बघून ठरवायचं नाही, तारखेवर ठरवायचं.

मग टायमिंग लॉक केलं. बोटाएवढ्या दोन पोलादी पिना. एक खाली क्रँक अडवायला, एक वर कॅमच्या चाकातल्या भोकातनं आरपार. मेस्त्रींच्या हाताखालच्या पोराला वाटलं व्हाइटनरनं खुणा करून भागेल. मेस्त्रींनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "खुणंवर माझा भरवसा न्हाई. पिन बसली तरच टायमिंग."

टेन्शनर ढिला करून पट्टा काढला आणि माझ्या हातात दिला. उलटा करून बघितला. पाठ आरशासारखी चकचकीत झालेली, एका कडेला सुतासारखे पांढरे तंतू बाहेर आलेले. वरच्या झाकणातनं ही कड दिसतच नव्हती. नवा पट्टा शेजारी धरला : मऊ, काळाभोर, पाठ खरखरीत. मी तो नीट बघायला दुमडणार तोच मेस्त्री जोरात "हां हां, बाई!" म्हणाले. नवा पट्टा दुमडला, पिरगळला तर आतले काचेचे तंतू तिथंच मोडतात. वापरायच्या आधीच तो निकामी.

मग त्यांनी आयडलर काढून हातावर घेतला आणि बोटानं फिरवला. कानाजवळ धरा म्हणाले. धरला. वाळू चाळल्यासारखी खरखर. नवा फिरवला तर आवाज नाही, आणि तो जरासा फिरून थांबला, आत ग्रीस भरलेलं असतं म्हणून. शेवटी पंप. त्याच्या खालच्या बारीक भोकाजवळ वाळलेल्या कूलंटचा गुलाबी ओघळ, भिंतीवर ओल यावी तसा. गळायला सुरुवात झाली होती.

मला वाटतं आजच्या दिवसातलं शिकण्यासारखं हेच. पट्टा बऱ्याचदा आपल्या मरणानं मरत नाही. बेअरिंग जाम होतं, पंप गळतो, सीलमधनं ऑइल ठिबकतं, आणि पट्टा त्यांच्यापायी तुटतो. मी त्या दिवशी ५,६०० मध्ये भागवायला बघितलं असतं तर नवा पट्टा या खरखरत्या आयडलरवर आणि गळक्या पंपावर चढला असता.

जोडणी दुपारी. टेन्शनरचा काटा दोन खुणांच्या मध्ये आणला. टॉर्क पाना कट्ट म्हणेपर्यंत क्रँकचा नवा बोल्ट आवळला. नंतर पिना काढल्या आणि मेस्त्रींनी इंजिन स्टार्टरवर न टाकता हातानं, पान्यानं, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठं अडत नाही ना, हे हाताला कळतं. पिना पुन्हा घातल्या. दोन्ही अलगद बसल्या. काट्याची जागा पुन्हा बघितली. तेव्हाच पोराला म्हणाले, "आता लाव चावी."

लागली. साडेचार वाजले होते. १६,१५० दिले, कच्चं नको, पक्कं बिल घेतलं. जुना पट्टा, पंप आणि टेन्शनर-आयडलरची दोन्ही चाकं पिशवीत घालून आणली.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

ललिता पंचमी. आज अंबाबाईची पालखी टेंबलाईला, त्यामुळं त्या बाजूला गाडी नेली नाही. सकाळी शाळेला जाऊन आले. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, आणि परत, ४४ किलोमीटर. गाडीत काहीही फरक नाही. आवाज तोच, ओढ तीच. या खर्चाचं असंच असतं, पदरात काही पडलेलं दिसत नाही. पुढच्या बदलापर्यंत सहा वर्षं, वर्षाला चौदा हजार किलोमीटर धरले तर किलोमीटरला वीस पैशांच्या आत बसतो. डिझेल लिटरला ९३ रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला पाच रुपयांच्या वर ते मी रोज विनातक्रार जाळते.

जुना पट्टा शाळेत नेऊन सरांना दाखवला. त्यांनी कडेचे तंतू बोटानं चाचपले, म्हणाले नववीच्या वर्गाला दाखवूया. दोन तास सलग तेच झालं. एका मुलानं विचारलं, "बाई, मग तुटायच्या आधी गाडी सांगत का नाही?" त्याच्या वडिलांची वडापची गाडी आहे. त्याला वहीत लिहून दिलं : काटा किती, शेवटचा बेल्ट कधी, कागद आहे का, एवढं आज घरी विचार.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. संध्याकाळी पेढे घेऊन मेस्त्रींकडं गेले. शेड धुऊन काढली होती. पाटावर पाने, हातोडे, टॉर्क पाना, आणि त्या दोन पिना, सगळ्यांना हळद-कुंकू, वर झेंडू. पोरगा नवा शर्ट घालून उभा. पिनांना मीही हात जोडले.

मेस्त्रींनी झाकणावर आतून एक स्टिकर लावून दिलाय. घरी आल्यावर तेच पुस्तकातल्या मागच्या कोऱ्या पानावर ठळक लिहिलं आणि पक्कं बिल तिथंच टाचलं. आज ना उद्या ही गाडी आम्हीही विकू. घेणाऱ्याला मेस्त्रीसमोर माझ्यासारखं गप्प बसायला लागू नये. गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, चावीबरोबर हा एक कागद द्या. नसेल तर नाही म्हणून स्पष्ट सांगा.

पानावर लिहिलंय : टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप बदलले. १७ ऑक्टोबर २०२३. काटा ८७,९६०. पुढचा बदल ऑक्टोबर २०२९ किंवा २,०७,९६० किलोमीटर, जे आधी होईल ते.